सरकारी शाळांच्या पैशाला कात्री: काय कापलं, कसं कापलं आणि आमदारांकडे काय मागायचं

जून महिन्यातल्या पालकसभेत एका आईने आम्हाला विचारलं, "टीचर, पुढच्या वर्षी माझ्या मुलीचा वर्ग राहणार की जाणार?" मुलगी सहावीत. शाळा जिल्हा परिषदेची, उर्दू माध्यमाची. सहावी, सातवी आणि आठवी मिळून वर्गात बसणारी मुलं २१, पण सरकारी यादीत धरलेली १७. चार मुलांची आधारवरची नावं किंवा जन्मतारखा शाळेच्या रजिस्टरशी जुळत नव्हत्या. एकाच्या आडनावात 'शेख'चं 'शैख' झालं होतं, एकीचं जन्मवर्षच चुकलं होतं. तेवढ्या कारणाने तीन वर्गांच्या शिक्षकांची पदं धोक्यात आली होती.

त्या आईला आम्ही त्या दिवशी ठाम उत्तर देऊ शकलो नाही. पण नंतर आम्ही शिक्षक बसलो आणि ठरवलं की, हा सगळा प्रकार पालकांना साध्या भाषेत समजावून सांगितला पाहिजे. कारण शाळेचे पैसे कुठून येतात, ते कसे कमी होतात आणि कोणाला विचारायचं, हे कळलं नाही तर आपण फक्त आपसात कुरकुर करत राहू.

'कपात' हा शब्द कुठंच लिहिलेला नसतो

दर मार्चमध्ये राज्याचा अर्थसंकल्प मांडला जातो आणि शालेय शिक्षणाची रक्कम मोठीच दिसते. ती खोटी नसते. पण तिचा बहुतेक भाग पगार आणि निवृत्तिवेतनात जातो. तो गेलाच पाहिजे, शिक्षकाशिवाय शाळा कसली? प्रश्न असा आहे की, तुमच्या मोहल्ल्यातल्या, तुमच्या गावातल्या शाळेपर्यंत काय पोहोचतं. तिथं कात्री लागते ती अर्थसंकल्पाच्या भाषणातून नाही, तर शासन निर्णयातून, म्हणजे ज्याला आपण जीआर म्हणतो त्यातून. कधी पद कमी होतं, कधी योजनेचा निधी थांबतो, कधी निकष बदलतो. 'कपात' हा शब्द कुठंच नसतो. त्यामुळे पालकांना पत्ता लागतो तो थेट वर्गाला कुलूप लागल्यावर.

गेल्या काही वर्षांतली उदाहरणं एकेक करून पाहू.

पहिली कात्री: शिक्षकांची पदं

शाळेत किती शिक्षक हवेत हे ठरवण्याच्या पद्धतीला संचमान्यता म्हणतात. साधारणपणे ३० सप्टेंबरची पटसंख्या धरून पदं ठरतात. गेल्या काही वर्षांत या हिशेबात आधार जुळलेली मुलंच धरण्यावर भर आहे. मूल रोज शाळेत येतं, डबा खातं, पाढे म्हणतं, पण आधार जुळत नसेल तर हिशेबात ते नसतंच.

१५ मार्च २०२४ च्या शासन निर्णयाने संचमान्यतेचे निकष आणखी कडक केले. सहावी ते आठवीच्या गटात पट वीसच्या खाली गेला तर तिथं नियमित शिक्षकाचं पद मंजूर होत नाही, अशी स्थिती त्यातून आली. शिक्षक संघटनांनी विरोध केला तो याचमुळे. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये कमी पटाच्या शाळांत एक शिक्षक कंत्राटी, महिना १५,००० रुपये मानधनावर नेमण्याचा निर्णय झाला.

आता कायदा काय सांगतो ते पाहा. शिक्षण हक्क कायदा २००९ चा, लागू झाला १ एप्रिल २०१० रोजी. त्याच्या परिशिष्टात लिहिलंय की, पहिली ते पाचवीत ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक हवेत. सहावी ते आठवीत प्रत्येक वर्गाला किमान एक शिक्षक हवा, आणि विज्ञान-गणित, सामाजिक शास्त्र आणि भाषा यांना मिळून वेगवेगळे शिक्षक हवेत. मुलं १९ असली तर विज्ञान शिकायचं नाही, असं कायद्यात कुठंही नाही.

दुसरी कात्री: छोट्या शाळा

२०१७ च्या शेवटी राज्यात दहापेक्षा कमी पटाच्या तेराशेच्या आसपास शाळा बंद करण्याची भाषा झाली. २०२३ मध्ये 'समूह शाळा' हे नाव पुढे आलं. वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांतली मुलं एका मोठ्या शाळेत आणायची, असा हा विचार. त्या वेळी समोर आलेला आकडा १४,७८३ शाळांचा होता. त्यांत १,८५,४६७ मुलं आणि २९,७०७ शिक्षक. म्हणजे शाळेमागे सरासरी बारा-तेरा मुलं.

बारा मुलं म्हटलं की कागदावर फार थोडी वाटतात. पण कोकणातल्या वाडीवर, मराठवाड्यातल्या तांड्यावर, खानदेशातल्या पाड्यावर ती बारा मुलं म्हणजे त्या वस्तीची सगळी मुलं असतात.

तिसरी कात्री: खडू, वीज, अंडं

शाळा चालवायला पगाराशिवायही पैसा लागतो. समग्र शिक्षा योजनेतून शाळेला संयुक्त शाळा अनुदान मिळतं. ही योजना केंद्र आणि राज्य ६०:४० प्रमाणात चालवतात. निकषाप्रमाणे ३० पर्यंत पट असलेल्या शाळेला वर्षाला १०,००० रुपये आणि १०० पर्यंत पट असेल तर २५,००० रुपये. दहा हजाराला बाराने भागा. महिन्याला ८३३ रुपये होतात. त्यात वीजबिल, खडू, फिनेल, नळाची दुरुस्ती, कागद, झाडू, सगळं. हे पैसेही वेळेवर आणि पूर्ण आले तर. बाकीचं शिक्षक आपल्या खिशातून भरतात किंवा गावात हात पसरतात. मोफत गणवेशाचंही तसंच. दोन जोड्यांना मिळून ६०० रुपये. या भावात शर्ट-पँट किंवा सलवार-कमीज कुठं शिवून मिळते, ते घरातल्या बायकांनाच विचारा.

अंड्याचं उदाहरण सगळ्यांना माहीत आहे. २०२३ च्या शेवटी शालेय पोषण आहारात आठवड्यातून एकदा अंडं, अंडं न खाणाऱ्याला केळं, असं सुरू झालं. बुधवारी-शुक्रवारी हजेरी वाढायची, हे आम्ही वर्गात पाहिलं. जानेवारी २०२५ मध्ये राज्याने यासाठीचा निधी थांबवला आणि हवं असेल तर लोकसहभागातून करा, असं सांगितलं. वर्षाला सुमारे ५० कोटींची ही बाब होती. ज्या गावात लोकच मजुरीवर जगतात, तिथं लोकसहभाग कोणाचा?

चौथी कात्री: शिष्यवृत्ती

अल्पसंख्याक मुलांसाठी केंद्राची मॅट्रिकपूर्व शिष्यवृत्ती २००८ पासून पहिली ते दहावीला होती. २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये पहिली ते आठवी वगळली गेली, उरली फक्त नववी-दहावी. कारण दिलं गेलं की, आठवीपर्यंतचं शिक्षण कायद्यानेच मोफत आहे. प्राथमिकच्या मुलाला मिळत होते वर्षाला १,००० रुपये, आणि तेही ज्या घराचं वार्षिक उत्पन्न एक लाखाच्या आत आहे त्याला. फी मोफत असली तरी वही, दप्तर, चप्पल, रिक्षा मोफत नसते. त्यानंतर महिनाभरात उच्च शिक्षणासाठीची मौलाना आझाद फेलोशिपही बंद केल्याचं संसदेत सांगण्यात आलं.

पाचवी कात्री: निर्णय आहे, पैसा नाही

अंशतः अनुदानित शाळांना टप्प्याटप्प्याने अनुदान वाढवून मिळतं. ऑक्टोबर २०२४ मध्ये पुढचा टप्पा देण्याचा निर्णय झाला, पण तरतूद झाली नाही. शेवटी जुलै २०२५ मध्ये शिक्षकांना भर पावसाळ्यात आझाद मैदानावर बसावं लागलं, तेव्हा पैसे देण्याचं आश्वासन मिळालं. आपल्या अनेक संस्था याच रांगेत आहेत. जीआर हातात आला म्हणजे काम झालं असं समजू नका. त्यासाठी अर्थसंकल्पात किंवा पुरवणी मागण्यांत रक्कम आहे का, हे विचारायला हवं.

आपल्या घरांना याची झळ जास्त का लागते?

एक गैरसमज आधी दूर करू. मुस्लिम मुलं मदरशात जातात, असं बाहेर बोललं जातं. २००६ च्या सच्चर समितीच्या अहवालाने दाखवलं की, शाळेच्या वयाच्या मुस्लिम मुलांपैकी जेमतेम तीन-चार टक्के मदरशात शिकतात. बाकीची साध्या शाळांत. त्याच अहवालात असंही होतं की, ६ ते १४ वयाच्या मुस्लिम मुलांपैकी चौथा हिस्सा एकतर कधी शाळेत गेलाच नाही किंवा मध्येच गळाला. म्हणजे सरकारी आणि अनुदानित शाळा हीच आपली शाळा आहे, उर्दू माध्यमाची असो की मराठी. ती कमजोर झाली की आपली मुलं आधी गळतात.

दुसरं कारण माध्यमाचं. मराठी शाळा बंद झाली तर मूल पुढच्या गावातल्या मराठी शाळेत जाऊ शकतं. ते गैरसोयीचं आहे, पण पुस्तक तेच राहतं. उर्दू शाळा बंद झाली आणि जवळ दुसरी उर्दू शाळा नसेल, तर मुलाचं पुस्तकच बदलतं. सहावीत अचानक गणित आणि विज्ञान नव्या भाषेत. आम्ही दोन्ही भाषांत शिकवतो. मराठी आपल्या मुलांना यायलाच हवी, चांगली यायला हवी, याबद्दल आमच्या मनात शंका नाही. पण भाषा शिकणं वेगळं आणि माध्यम एका रात्रीत बदलणं वेगळं. प्राथमिक स्तरावर भाषिक अल्पसंख्याक मुलांना मातृभाषेत शिकण्याची सोय करण्याचा प्रयत्न राज्याने करावा, असं संविधानाच्या कलम ३५०-क मध्येच आहे.

तिसरं कारण मुलींचं. राज्याच्या नियमाप्रमाणे पहिली ते पाचवीची शाळा एक किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीची तीन किलोमीटरच्या आत हवी. शाळा लांब गेली की मुलग्याला सायकल मिळते, मुलीला घरी बसवलं जातं. हे कडू आहे, पण खरं आहे. त्या पालकसभेतल्या आईचा प्रश्न शिक्षकाच्या पदाबद्दल नव्हताच. तिला कळत होतं की वर्ग गेला तर मुलीची शाळा गेली.

दुसरी बाजूही ऐकू

सरकारचं म्हणणं असं की, दहा-बारा मुलांसाठी दोन शिक्षक ठेवणं परवडत नाही, आणि इतक्या लहान शाळेत मुलांना सोबत, खेळ, स्पर्धा मिळत नाही. यात तथ्य अजिबात नाही असं आम्ही म्हणणार नाही. एकाच मास्तरने एका खोलीत चार वर्ग सांभाळायचे हे काही आदर्श शिक्षण नाही. आणि पट कमी का झाला, याचं उत्तर आपल्याकडेही आहे. ज्यांना थोडंसं जमलं त्यांनी मुलं इंग्रजी शाळेत घातली. आम्ही शिक्षकांनीही घातली. मग उरलेल्या मुलांच्या शाळेकडे कोणी बघेना.

पण यातून निष्कर्ष काय काढायचा? खोली गळते म्हणून मुलं गेली, शिक्षक नाही म्हणून मुलं गेली, आणि मग मुलं नाहीत म्हणून शिक्षक काढले. हे चक्र उलटं फिरवायचं तर आधी पैसा आणि शिक्षक द्यावे लागतात. एकाच माध्यमाच्या दोन शाळा अगदी शेजारी असतील, पालकांना विचारलं असेल, मुलांना ने-आण करायची खात्रीची सोय असेल, तर एकत्र करण्याला आमचा विरोध नाही. न विचारता, केवळ आकडा पाहून कुलूप लावण्याला आहे.

परवडण्याचा मुद्दा जुनाच आहे. १८८२ साली हंटर आयोगापुढे महात्मा फुल्यांनी हीच तक्रार मांडली होती की, पैसा कष्टकऱ्यांकडून येतो आणि खर्च होतो वरच्या थरातल्यांच्या उच्च शिक्षणावर, खेड्यातली प्राथमिक शाळा उपाशीच राहते. राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ मध्ये कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. एका छोट्या संस्थानाला ते परवडलं. कोठारी आयोगाने १९६६ मध्ये राष्ट्रीय उत्पन्नाच्या सहा टक्के शिक्षणावर खर्च करा असं सुचवलं, २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही सहा टक्केच लिहिले आहेत. देश अजून तिथं पोहोचलेला नाही.

जीआर मागे घेता येतो

काही पालक म्हणतात, "सरकारने ठरवलं म्हणजे ठरलं. आपलं कोण ऐकणार?" २०२५ चं उदाहरण ताजं आहे. पहिलीपासून तिसऱ्या भाषेचे जीआर एप्रिल आणि जूनमध्ये निघाले. राज्यभर लोक बोलले, लेखक बोलले, पक्ष बोलले, आणि पावसाळी अधिवेशनाच्या आदल्या दिवशी, २९ जूनला, दोन्ही जीआर रद्द झाले. मुद्दा भाषेचा होता, पण धडा सगळ्यांसाठी आहे. अधिवेशन तोंडावर असताना विचारलेला प्रश्न ऐकला जातो.

कोणाकडे काय मागायचं?

राज्याची तीन अधिवेशनं असतात: फेब्रुवारी-मार्चचं अर्थसंकल्पी, पावसाळी, आणि डिसेंबरमध्ये नागपूरला हिवाळी. पावसाळी आणि हिवाळी अधिवेशनात पुरवणी मागण्या येतात, म्हणजे वर्ष चालू असतानाही तरतूद करता येते. म्हणून अधिवेशनाच्या महिनाभर आधी आमदारांना भेटा.

आमदार काय करू शकतात? तारांकित प्रश्न विचारू शकतात, त्यावर मंत्र्यांना सभागृहात उत्तर द्यावं लागतं. लक्षवेधी सूचना मांडू शकतात. मागण्यांवर चर्चेच्या वेळी कपात सूचना देऊ शकतात. नाव कपात असलं तरी हेतू खात्याच्या तक्रारीवर चर्चा घडवण्याचा असतो. विधानसभेचे २८८ आमदार आहेत, त्यातला एक तुमचा. शिवाय विधान परिषदेत शिक्षक मतदारसंघाचे सात आणि पदवीधर मतदारसंघाचे सात आमदार आहेत, त्यांना हे विषय पाठ असतात. शिष्यवृत्तीचा विषय केंद्राचा, तो खासदारांकडे न्या.

आमच्या मागण्या पाच आहेत. सहावी ते आठवीचा वर्ग चालू असेल तिथं पट कितीही असो, कायद्याप्रमाणे शिक्षक द्या. आधार जुळलं नाही म्हणून प्रत्यक्ष हजर असलेलं मूल हिशेबातून वगळू नका. शाळा बंद किंवा एकत्र करण्याआधी शाळा व्यवस्थापन समितीचा लेखी ठराव घ्या, आणि त्याच माध्यमाची शाळा अंतराच्या नियमात नसेल तर हात लावू नका. शाळा अनुदान वाढवा, सत्राच्या सुरुवातीला द्या, आणि अंड्याचा निधी पुन्हा सुरू करा. पहिली ते आठवीची शिष्यवृत्ती परत आणा.

पत्र लांबलचक नको. असं लिहिता येईल:

"माननीय आमदार साहेब, आम्ही आपल्या मतदारसंघातील (शाळेचे नाव) या शाळेचे पालक आहोत. शाळेत प्रत्यक्ष (संख्या) मुले शिकतात, त्यात (संख्या) मुली आहेत. मंजूर शिक्षक (संख्या), हजर शिक्षक (संख्या). आमच्या माध्यमाची जवळची दुसरी शाळा (अंतर) किलोमीटरवर आहे. या वर्षी शाळा अनुदान (रक्कम) मिळाले. पद आणि निधीतील कपात रद्द व्हावी यासाठी आपण येत्या अधिवेशनात प्रश्न विचारावा आणि मिळालेले उत्तर आम्हाला कळवावे, ही विनंती."

खाली पालकांच्या सह्या, मोबाईल नंबर, आणि एक प्रत स्वतःकडे. पोच घ्यायला विसरू नका. सह्या फक्त आपल्याच बिरादरीच्या नकोत. शेजारच्या मराठी शाळेची अडचण तीच आहे, त्या पालकांनाही बरोबर घ्या. हा प्रश्न एका समाजाचा म्हणून मांडला तर लहान होतो, गावाचा म्हणून मांडला तर मोठा.

आणि घरातून काय करायचं?

३० सप्टेंबरच्या आधी मुलाचं आधार आणि शाळेतलं नाव एकदा ताडून पाहा. आडनाव, वडिलांचं नाव, जन्मतारीख, अक्षर न् अक्षर. शाळा व्यवस्थापन समितीत कायद्याने ७५ टक्के पालक असतात, निम्म्या महिला असतात. बैठकीला जा, नुसती सही करून येऊ नका. शाळा विकास आराखडा ही समितीच बनवते आणि कायद्याप्रमाणे अनुदानाचा आधार तोच आराखडा असतो. छत गळतं हे आराखड्यात लिहिलंच नाही, तर पैसे मागायचे कशाच्या जोरावर? जुम्माच्या नमाजनंतर पाच मिनिटं या विषयाला मिळाली तर इमाम साहेबांनाही विनंती करा. इल्मची गोष्ट आहे, ते नाही म्हणणार नाहीत.

त्या आईच्या मुलीच्या शाळेचं काय झालं, हेही सांगतो. चारपैकी तीन मुलांची आधार दुरुस्ती सप्टेंबरच्या आत झाली. यादी वीसवर आली, आणि यंदा वर्ग वाचला. चौथ्या मुलाचा जन्मदाखलाच दुसऱ्या जिल्ह्यातला, त्याचं काम अजून अडकलेलं आहे. पण पुढच्या वर्षी आठवीची नऊ मुलं बाहेर पडतील आणि पाचवीतून सहाच वर येतील. म्हणजे पुढच्या जूनमध्ये ती आई पुन्हा तोच प्रश्न विचारील. त्याचं उत्तर आम्हा शिक्षकांच्या हातात नाही. ते मुंबईत आणि नागपुरात सभागृहात ठरतं. तिथं बसलेल्यांना आपण मत देतो. आता त्यांना पत्रही देऊ या.